ग्राहकाला दिलेले अंदाजपत्रक पुन्हा पुन्हा का अडते : तपशील किती द्यावा, याची क्रमवार तपासणी

लक्षणे

अंदाजपत्रक ग्राहकाच्या हाती गेल्यानंतर चर्चा कामाची होत नाही, ओळींची होते. कपाट कसे हवे, ओट्याची उंची किती ठेवायची, हे प्रश्न मागे पडतात आणि फेव्हिकॉल इतका कशाला, स्क्रूचे इतके डबे का, यावरच बैठक संपते.

याच्या अगदी उलट लक्षणही तितकेच नेहमीचे आहे. अंदाजपत्रक एका पानाचे असते, ग्राहक ते वाचून लगेच होकार देतो, पण काम निम्म्यावर आले की "हे त्यात धरलेलेच नव्हते का?" हा प्रश्न दर आठवड्याला येऊ लागतो. एक्स्ट्रा कामांची यादी वाढत जाते आणि शेवटच्या बिलाच्या वेळी तिच्यावरून रक्कम अडते.

याशिवाय आणखी काही खुणा आहेत. ग्राहकाकडे तीन ठेकेदारांची कोटेशने आलेली असतात, पण ती एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून तो केवळ तळाचा आकडा बघून निवड करतो. रनिंग बिलातल्या, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलातल्या, ओळी अंदाजपत्रकातल्या ओळींशी जुळत नाहीत, म्हणून कंपनीचा हिशेब विभाग बिल परत पाठवतो. काम संपल्यावर नफा अपेक्षेपेक्षा कमी राहिला हे ठेकेदाराला कळते, पण तो कोणत्या कामात गेला हे त्याला सांगता येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या इंटिरियर आणि दुरुस्तीच्या कामांची अंदाजपत्रके तयार करून देण्याचे आणि अडलेली दुरुस्त करून देण्याचे काम मी करते. घोडबंदर रस्त्यावरचे दोन बेडरूमचे फ्लॅट, वागळे इस्टेटमधले गाळे, महापे आणि ऐरोलीकडची लहान कार्यालये असे या कामांचे स्वरूप असते. वरची सगळी लक्षणे दिसायला वेगवेगळी असली तरी त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच निघते : ओळ कोणत्या पातळीवर लिहायची, हे लिहिणाऱ्याने ठरवलेले नसते. मागच्या कामाची एक्सेल उघडून तिच्यात भर घातलेली असते, किंवा घाईत लमसम, म्हणजे मोजमाप न देता एकठोक, आकडे टाकलेले असतात.

खालच्या तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतात आणि अवघड तपासणीकडे जातात. पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच दोष सापडला, तर पुढे जाण्याची गरज सहसा उरत नाही.

पहिली तपासणी : प्रत्येक ओळीला तीन प्रश्न

या तपासणीला कागद आणि पेन्सिल एवढेच लागते. अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ वाचावी आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. या ओळीवर ग्राहकाला काही निर्णय घ्यायचा आहे का? या ओळीचे परिमाण किंवा दर काम चालू असताना बदलण्याची खरी शक्यता आहे का? या ओळीच्या आधारे एखाद्या टप्प्याचे पैसे मागायचे आहेत का? तिन्हींचे उत्तर "नाही" असेल, तर ती ओळ ग्राहकाच्या कागदावर असू नये. एकाचे जरी उत्तर "होय" असेल, तर ती दुसऱ्या ओळीत बुडवून टाकू नये.

सात फूट रुंद आणि आठ फूट उंच कपाटाचे उदाहरण घ्या. जाड अंदाजपत्रकात त्याच्या चौदा ओळी होतात : १९ मिलिमीटर प्लाय, १२ मिलिमीटर प्लाय, पाठीमागचा ६ मिलिमीटर प्लाय, बाहेरचे लॅमिनेट, आतले लॅमिनेट, एज बँड, गोंद, स्क्रू, बिजागऱ्या, चॅनेल, हँडल, कुलूप, सुतारमजुरी, वाहतूक. पातळ अंदाजपत्रकात "वॉर्डरोब, लमसम" एवढीच ओळ असते. दोन्हींतून ग्राहकाला उपयोगाची माहिती मिळत नाही, कारण पहिल्यात ती विखुरलेली असते आणि दुसऱ्यात ती नसतेच.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका घरी अशीच चौदा ओळींची मांडणी समोर होती. घरचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते आणि हातात लाल पेन घेऊन बसले होते. त्यांनी गोंदाच्या ओळीखाली रेघ मारली आणि ठेकेदाराला विचारले, "वीस किलो खरंच लागतो का हो?" ठेकेदार म्हणाला, "काका, कमी-जास्त होतं, पण लागतो." त्या उत्तरावर काकांनी पुढच्या पाच ओळींखाली रेघा मारल्या. काकांचे काही चुकले नव्हते. कागदावर स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र रक्कम दिसली की ती रक्कम आपण मंजूर किंवा नामंजूर करायची आहे, असाच कोणाचाही समज होतो. गोंद किती लागणार हे सुताराने ठरवायचे असते, आणि सुताराने ठरवायची गोष्ट निर्णयासाठी काकांपुढे ठेवली गेली होती.

हीच मांडणी दुरुस्त केल्यावर एक मुख्य ओळ राहते : कपाट, समोरचे क्षेत्रफळ ५६ चौरस फूट, दर समजा १,६५० रुपये, रक्कम ९२,४०० रुपये. या ओळीखाली वर्णन पूर्ण वाक्यांत लिहायचे : प्लाय आयएस ७१० चा (पाणी सोसणारा मरीन) की आयएस ३०३ चा (सर्वसाधारण वापराचा), त्याची जाडी किती, आतून लॅमिनेट की नुसते पॉलिश, कप्पे किती, पाठ कशाची. त्यानंतर ग्राहक ज्या वस्तू निवडणार आहे त्यांच्या वेगळ्या ओळी येतात : सॉफ्ट-क्लोज चॅनेलच्या चार जोड्या, आरसा, वरचा लॉफ्ट. एकूण चार ओळी होतात. काकांनी दुसऱ्या बैठकीत आरसा काढला आणि लॉफ्ट वाढवला. त्यांना ठरवायचे होते ते एवढेच.

सरकारी कामांत वापरली जाणारी सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची पाहिली, तर तिथेही ओळींची रचना अशीच दिसते. बाबीचे वर्णन लांबलचक असते, त्यात साहित्य, मजुरी, वाहतूक आणि पद्धत सगळे सामावलेले असते, पण परिमाण एक आणि दर एकच असतो. त्या दराचे पृथक्करण, म्हणजे तो दर कशाकशाचा मिळून झाला याची फोड, वेगळ्या कागदावर असते. खासगी कामातही तपशील वर्णनात वाढवावा, ओळींच्या संख्येत नव्हे.

दुसरी तपासणी : काम कोणत्या टप्प्यावर आहे

ड्रॉइंग झालेले नसताना ११,८७,४६३ रुपये असा आकडा दिला, तर तो आकडाच चुकीचा संदेश देतो. शेवटच्या तीन अंकांवरून ग्राहकाला वाटते की सगळे मोजून झाले आहे. प्रकल्प व्यवस्थापनाच्या शिकवणीत अगदी सुरुवातीच्या ढोबळ अंदाजाची मर्यादा उणे २५ टक्के ते अधिक ७५ टक्के अशी धरली जाते, आणि निश्चित अंदाजाची उणे ५ ते अधिक १० टक्के. म्हणजे बारा लाखांचा ढोबळ अंदाज प्रत्यक्षात नऊ लाखांपासून एकवीस लाखांपर्यंत कुठेही जाऊ शकतो, तर निश्चित अंदाज ११.४ ते १३.२ लाखांच्या आत राहायला हवा.

म्हणून पहिल्या भेटीनंतर द्यायच्या कागदावर सात-आठ ओळी पुरेत : सुतारकाम, किचन, विद्युतकाम, प्लंबिंग, फॉल्स सीलिंग, रंग, टाइल, इतर. आकडे हजारांच्या पूर्णांकांत आणि "अमुक ते अमुक" अशा पट्ट्यांत द्यावेत. ड्रॉइंग मंजूर झाल्यावरच या प्रत्येक ओळीचा विस्तार करावा. टप्प्याआधी दिलेला तपशील पुढे बदलावाच लागतो आणि प्रत्येक बदलाचे स्पष्टीकरण मागितले जाते. कागदाच्या डोक्यावर "ढोबळ अंदाज, ड्रॉइंगपूर्वी" असे शब्द आणि तारीख असलीच पाहिजे.

तिसरी तपासणी : रकमेनुसार उतरता क्रम

अंदाजपत्रकाची एक प्रत काढून तिच्यातल्या ओळी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावा. एक्सेलमध्ये हे काही क्षणांत होते. बारा लाखांच्या कामात एक टक्का म्हणजे बारा हजार रुपये. त्याखालच्या ओळी एकीकडे काढा आणि पाहा की त्यांची संख्या किती आणि त्यांची एकूण रक्कम किती. अडलेल्या अंदाजपत्रकांत नेहमी असे दिसते की निम्म्याहून जास्त ओळी या रेषेखाली आहेत आणि सगळी बोलणी त्यांच्यावरच होत आहेत, तर वरच्या पाच-सहा ओळी, ज्यांच्यावर कामाचे खरे भवितव्य ठरते, त्या वर्णनाशिवाय लमसम लिहिलेल्या आहेत.

या तपासणीत दोन दिशांनी दुरुस्ती होते. रेषेखालची ओळ पहिल्या तपासणीतल्या तीन प्रश्नांना "होय" म्हणत नसेल, तर ती जवळच्या मोठ्या ओळीत सामावून घ्यावी. आणि सगळ्यांत वरची एखादी ओळ एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाएवढी असेल, तर ती फोडावी. किचनची एकच ओळ अडीच-तीन लाखांची असेल, तर ती खालची कॅबिनेट, वरची कॅबिनेट, ओट्याचा दगड, सिंक व नळ, आणि आतल्या जाळ्या-बास्केट अशी फोडली जाते. या प्रत्येकात ग्राहक वेगळी निवड करतो आणि प्रत्येकाचा पुरवठादार वेगळा असतो.

एक टक्क्याची ही रेषा म्हणजे नियम नव्हे. साठ लाखांच्या कार्यालयात एक टक्का साठ हजारांचा होतो आणि तिथे ग्राहकाच्या निर्णयाच्या काही ओळी त्याखाली हमखास असतात. रेषा कुठे पाहायचे ते दाखवते, ठरवायचे आपणच.

चौथी तपासणी : एकक आणि मापाची पद्धत

इथून पुढच्या तपासण्यांना वेळ लागतो, पण भांडणांचा मोठा भाग याच तपासणीत सापडतो. ओळ बरोबर पातळीवर असते, दर मान्य असतो, तरी बिल फुगलेले वाटते, कारण माप कसे घ्यायचे हे कुठेच लिहिलेले नसते. दर चौरस फुटाचा आहे, पण कोणता चौरस फूट? कपाटाचे समोरचे क्षेत्रफळ की उघडलेल्या सगळ्या पृष्ठांचे? फॉल्स सीलिंगचा सपाट भागच मोजायचा की कोव्हच्या, म्हणजे कडेला दिव्यांसाठी ठेवलेल्या खाचेच्या, उभ्या पट्ट्यासुद्धा?

प्लास्टरच्या मापासाठी भारतीय मानक आयएस १२०० मध्ये स्पष्ट पद्धत आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण ५.४ चौरस फुटांपर्यंतच्या उघड्या जागांची वजावट करायची नाही आणि त्यांच्या कडाही मोजायच्या नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या जागेची, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकसारखे प्लास्टर असेल, तर एकाच बाजूची वजावट करायची. तीन चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेची दोन्ही बाजूंची वजावट करून कडांचे माप वेगळे धरायचे. तीन बाय सात फुटांचा दरवाजा २१ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १.९५ चौरस मीटरचा असल्यामुळे तो मधल्या गटात येतो. सहा बाय सात फुटांचा बाल्कनीचा दरवाजा ३.९ चौरस मीटरचा असल्यामुळे तो तिसऱ्या गटात जातो. एवढे एक वाक्य अंदाजपत्रकात असले की दारे-खिडक्या वजा केल्या का, हा वाद उद्भवत नाही. मानकाची पद्धत घ्यायची नसेल, तर आपली जी असेल ती लिहा. दोन्ही बाजूंना तीच पद्धत मान्य असणे महत्त्वाचे आहे.

विद्युतकामात हाच गोंधळ "पॉइंट" या शब्दापाशी होतो. स्विचबोर्डापासून दिव्यापर्यंतचे वायरिंग पॉइंटमध्ये येते, आणि डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजवाटप पेटीपासून) स्विचबोर्डापर्यंतची सर्किटची वायर मीटरमध्ये वेगळी मोजली जाते, अशी रीत सरकारी कामांच्या दरसूचींत असते. लहान खासगी कामांत मात्र ठेकेदार पुष्कळदा सगळे पॉइंटमध्येच धरून दर सांगतो. महाप्याच्या एखाद्या कार्यालयात तीन कोटेशने आली आणि त्यांतली दोन एका पद्धतीची व एक दुसऱ्या पद्धतीची असेल, तर पॉइंटचा दर पाहून निवडलेला ठेकेदार शेवटी सगळ्यांत महाग पडू शकतो. कंपनीच्या खरेदी विभागाला द्यायच्या अंदाजपत्रकात म्हणून ओळींची संख्या कमी करण्याच्या फंदात पडू नये. तिथे तुलनात्मक तक्ता करायचा असतो आणि सगळ्यांच्या ओळी सारख्या असाव्या लागतात. त्यांनी दिलेला बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी, असेल, तर त्याच्याच ओळी आणि एकके जशीच्या तशी ठेवावीत आणि आपला वेगळा अभिप्राय सोबतच्या पत्रात लिहावा.

मीटर आणि फूट यांची सरमिसळही इथेच पकडावी. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, टाइल फुटात, आणि वाळू ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांत, अशी आपली रोजची स्थिती असल्यामुळे प्रत्येक ओळीत एकक स्वतंत्र रकान्यात लिहिणे आवश्यक आहे.

पाचवी तपासणी : जे धरलेले नाही

पातळ अंदाजपत्रकाचा दोष पुष्कळदा असलेल्या ओळींत नसतो, नसलेल्या ओळींत असतो. या परिसरात पुन्हा पुन्हा सुटणाऱ्या बाबी अशा : डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) उचलून नेणे, सामान लिफ्टऐवजी जिन्याने वर चढवण्याची मजुरी, कामाच्या काळातले पाणी आणि वीज, शेवटची साफसफाई, जुने फर्निचर काढणे, आणि पावसाळ्यात पीओपी, पुट्टी व रंग वाळायला लागणाऱ्या जादा दिवसांची मजुरी. अनेक सोसायट्या रविवारी ठोकठोक करू देत नाहीत आणि रोजच्या कामाचे तासही ठरवून देतात, त्यामुळे मजुरीचे दिवस वाढतात. अंदाजपत्रक देण्याआधी सोसायटीचा नियमांचा कागद मागून घ्यावा. सोसायटीची अनामत परत मिळणारी असते, म्हणून ती खर्चात न धरता टीप म्हणून वेगळी दाखवावी.

कराची ओळ सगळ्यांत शेवटी पण ठळक असावी. साहित्यासह केलेल्या इंटिरियरच्या कामावर वस्तू व सेवा कर साधारणपणे १८ टक्के लागतो, म्हणजे बारा लाखांवर २,१६,००० रुपये. "कर वेगळा" असे बारीक अक्षरांत लिहून ठेवणे म्हणजे सव्वादोन लाखांच्या भांडणाला जागा ठेवणे होय.

आणि शेवटी "यात समाविष्ट नाही" या शीर्षकाखाली पाच-सहा वाक्ये लिहावीत. एसी, पडदे, गाद्या, घरगुती उपकरणे, महावितरणच्या लोडवाढीचे शुल्क, यांपैकी जे आपल्याकडे नाही ते नाव घेऊन लिहावे. ग्राहक रागावेल, या भीतीने हा परिच्छेद गाळणारे ठेकेदार मला वारंवार भेटतात. तो वाचून ग्राहक रागावत नाही. काम निम्मे झाल्यावर तीच गोष्ट कळली, तर मात्र त्याचा विश्वास उडतो, आणि पुढच्या प्रत्येक ओळीकडे तो संशयाने पाहू लागतो.

सहावी तपासणी : अनिश्चित बाबी आणि बेसिक रेट

काही गोष्टी उघडल्याशिवाय कळत नाहीत. नौपाड्यातल्या किंवा वाशी-नेरूळमधल्या जुन्या इमारतीत न्हाणीघराची टाइल काढल्यावर भिंतीतले लोखंडी पाइप गंजलेले निघू शकतात. अशा बाबीसाठी खोटा नेमकेपणा दाखवू नये आणि ती ओळ गाळूही नये. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती धरलेली, रक्कम लिहावी, तिच्यापुढे ती कशाच्या आधारे धरली ते लिहावे, आणि प्रत्यक्ष खर्च मोजून वजाबाकी-बेरीज होईल, असे स्पष्ट करावे.

ग्राहक पुढे दुकानात जाऊन निवडणार आहे अशा वस्तूंसाठी बेसिक रेट, म्हणजे अंदाजपत्रकात धरलेला त्या वस्तूचा खरेदीदर, लिहिणे हा उत्तम मार्ग आहे. टाइलचा बेसिक रेट चौरस फुटाला ६५ रुपये धरला आहे, किंवा लॅमिनेटचा बेसिक रेट शीटला १,५०० रुपये धरला आहे, असे लिहिले की फरकाचा हिशेब सोपा होतो. वरच्याच कपाटाच्या दर्शनी भागाला आठ बाय चार फुटांच्या दोन शीट लागतात. ग्राहकाने २,१०० रुपयांची शीट निवडली, तर फरक शीटमागे ६०० आणि एकूण १,२०० रुपये, त्यावर कर. बेसिक रेट लिहिलेला नसेल, तर हाच फरक सांगायला ठेकेदाराला आपले सगळे पृथक्करण उघडावे लागते.

सातवी तपासणी : दोन कागद आणि त्यांच्यातला दुवा

इथवर येऊनही बिले अडत असतील, तर दोष मांडणीच्या मुळाशी आहे आणि तो दुरुस्त करायला काही दिवस द्यावे लागतात. एकाच एक्सेलमधून ग्राहकाला दाखवणे, माल मागवणे, मजुरी देणे आणि बिल करणे ही चारही कामे केली जातात, म्हणून ती कोणालाच धड उपयोगी पडत नाही. मालाच्या खरेदीसाठी प्लायच्या शीट मोजायलाच हव्यात, आणि ग्राहकाला त्या दाखवायच्या नसतात.

यावर उपाय दोन कागदांचा. पहिला अंतर्गत खर्चाचा कागद, ज्यात गोंदापासून वाहतुकीपर्यंत सगळे असते, वेस्टेज असते, आणि ठेकेदाराचा वरखर्च व नफाही उघड लिहिलेला असतो. दुसरा ग्राहकाचा कागद. दोन्हींना जोडणारा एक क्रमांक हवा. ग्राहकाच्या कागदावर कपाटाची ओळ स-३ असेल, तर अंतर्गत कागदावर त्याच कपाटाच्या चौदा ओळी स-३.१ ते स-३.१४ अशा असाव्यात आणि त्यांची बेरीज, वरखर्च व नफा धरून, स-३ च्या रकमेशी जुळावी. जुळत नसेल, तर कुठेतरी ओळ सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे. ही जुळणी बिल करताना न करता अंदाजपत्रक पाठवण्यापूर्वीच करावी.

रनिंग बिल नेहमी ग्राहकाच्या कागदावरच्या क्रमांकांनीच निघाले पाहिजे. "सुतारकाम ६० टक्के" असे बिल कोणालाही तपासता येत नाही. "स-३, सांगाडा पूर्ण, ठरल्याप्रमाणे ५० टक्के" असे लिहिले, तर जागेवर जाऊन पाहता येते. त्यासाठी कोणत्या अवस्थेला किती टक्के, हे अंदाजपत्रकातच लिहिलेले हवे. एक्स्ट्रा कामाला स्वतंत्र क्रमांक द्यावा, त्याची रक्कम काम सुरू करण्यापूर्वी लेखी कळवावी, आणि ग्राहकाचा होकार, तो व्हॉट्सअॅपवर आला असला तरी, तारखेसह जपून ठेवावा.

ग्राहक अंतर्गत कागद मागेल, तेव्हा काय करावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. काम निश्चित दराने घेतले असेल, तर तो देण्याचे बंधन नाही आणि तसे सभ्यपणे सांगता येते. काम खर्च अधिक ठरावीक टक्के या पद्धतीने घेतले असेल, तर मात्र ग्राहकाला खरेदीची प्रत्येक पावती पाहण्याचा हक्क आहे आणि तिथे जाड कागदच योग्य. करार कोणत्या पद्धतीचा आहे यावर तपशिलाची पातळी ठरते. ती पद्धत न ठरवता दिलेले अंदाजपत्रक कितीही नीट लिहिले, तरी अडते.

आठवी तपासणी : झालेल्या कामाशी ताळा

सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कमी केली जाणारी तपासणी. पूर्ण झालेल्या कामाची खरेदीची बिले आणि मजुरीचे हिशेब घेऊन ते ग्राहकाच्या कागदावरच्या ओळींप्रमाणे वाटून पाहावेत. ज्या ओळीत अंदाज आणि खर्च यांच्यात मोठी तफावत सापडते, ती ओळ पुढच्या कामात फोडायची. जिथे दर कामाला तफावत नगण्य असते, तिथे दोन ओळी एकत्र करता येतात. असे काही कामांत केले की आपल्या कामाच्या प्रकाराला साजेशी पातळी आपोआप स्थिर होते आणि दुसऱ्याचा नमुना उतरवून घेण्याची गरज राहत नाही.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

भिंत काढणे, बीम किंवा स्लॅबला छिद्र पाडणे, न्हाणीघराची जागा बदलणे, यांपैकी काहीही यादीत असेल, तर त्या ओळीपुढे रक्कम लिहूच नका. आधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अभिप्राय आणि महापालिकेची व सोसायटीची परवानगी लागते. संपूर्ण इमारतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागितले गेले असेल, तर तो बीओक्यू स्ट्रक्चरल ऑडिटनंतर, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीनंतर, इंजिनिअरनेच करायचा असतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे असे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. ठेकेदाराने डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज त्याची जागा घेऊ शकत नाही.

कार्यालयात फॉल्स सीलिंगमुळे स्प्रिंकलर हलवावे लागत असतील, तर ते काम महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली परवाना असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे लागते, म्हणून त्या ओळीचा दर तिच्याकडूनच घ्या. वीजभार वाढत असेल, तर परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो.

कराच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार दिसतो. माल आणि मजुरी वेगळ्या ओळींत दाखवली की कर आपोआप बदलतो, असे मानून अंदाजपत्रके फोडली जातात. स्थावर मालमत्तेवर साहित्यासह केलेले काम कायद्याने सेवा मानले जाते. नोंदणीची मर्यादाही त्यामुळे महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्यांसाठी असलेली ४० लाखांची नसून सेवांसाठीची २० लाखांची लागू होते. काम, सुटे फर्निचर आणि सल्ल्याचे शुल्क एकाच कराराखाली येत असतील, तर ओळी कशा मांडायच्या हे चार्टर्ड अकाउंटंटला विचारून मगच कागद पाठवा.

मोठ्या कामात, जिथे मापे शेकड्यांनी आहेत आणि ग्राहकाच्या बाजूने सल्लागार तपासणार आहे, तिथे क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे मापे आणि खर्चाचा हिशेब करणारा तज्ज्ञ, नेमावा. त्याचे शुल्क अंदाजपत्रकातच धरता येते.

आणि ग्राहकाकडून वकिलाचे पत्र आले, किंवा ठरलेली रक्कम नाकारल्याचे लेखी उत्तर आले, तर त्या दिवसापासून अंदाजपत्रकात एकही दुरुस्ती करू नका, सुधारित प्रतही पाठवू नका. आतापर्यंत पाठवलेल्या सगळ्या प्रती तारखांसह, मापांच्या नोंदी, एक्स्ट्रा कामांचे होकार आणि रनिंग बिले एकत्र करा आणि बांधकाम करारांचे काम करणाऱ्या वकिलाकडे जा. जाताना ग्राहकाचा कागद आणि अंतर्गत कागद दोन्ही न्या, पण कोणता कागद ग्राहकाला कधी दिला होता आणि कोणता कधीच दिला नव्हता, हे प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा.